पित्ताच्या गोळीला शेवटची तारीख हवी : कोल्हापूरच्या औषध दुकानदारांना खुलं पत्र

कोल्हापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या सर्व औषध दुकानदारांना,

सप्रेम नमस्कार.

नोकरीची बरीच वर्षं मी एन्डोस्कोपीच्या खोलीत परिचारिका म्हणून काढली. घशातून दुर्बिणीची नळी जठरात उतरते आणि पडद्यावर आतलं सगळं दिसतं, ती खोली. रक्ताची उलटी होऊन आलेले, काळी संडास होऊन गळून गेलेले, घशाशी येतंय म्हणून रात्र रात्र बसून काढणारे लोक मी तिथे पाहिले. आता निवृत्त झाले आहे. तिथे जे वारंवार दिसलं ते तुमच्यापुढे मांडावं असं मनात होतं, म्हणून हे पत्र.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. ही सगळी जठरातलं आम्ल कमी करणारी औषधं. आपल्याकडे लोक यांना या नावांनी ओळखत नाहीत. ‘पित्ताची गोळी’, ‘गॅसची गोळी’, ‘सकाळची उपाशीपोटीची गोळी’ म्हणतात. तपासणीआधी आम्ही प्रत्येकाला विचारायचो, कुठल्या गोळ्या चालू आहेत? त्यात ही हमखास असायची. कशासाठी दिली होती? नीट आठवायचं नाही. कधीपर्यंत घ्यायला सांगितली होती? याला तर उत्तरच नसायचं. ‘संपली की मेडिकलमधनं आणतोय,’ एवढंच.

माझं मागणं असं आहे : ही गोळी कशासाठी चालू आहे आणि कधी थांबवायची आहे, या दोन गोष्टी घेणाऱ्याला ठाऊक असल्याशिवाय पुढचं पाकीट त्याच्या हातात जाऊ नये. आणि हे विचारायची जागा तुमचं काउंटर आहे.

डॉक्टरांना सोडून आम्हालाच का, असं तुम्हाला वाटेल. डॉक्टरांनाही सांगायला हवंच. चिठ्ठीवर ‘चार आठवडे’ हे दोन शब्द लिहायला वेळ लागत नाही, तरी ते अनेकदा लिहिलेले नसतात. पण पेशंट डॉक्टरांकडे एकदा जातो आणि तुमच्याकडे दर महिन्याला येतो. चंदगड, शाहूवाडी, राधानगरीच्या आतल्या गावांत तर मेडिकल हाच पहिला दवाखाना. तुम्ही माणसाला नावानं ओळखता. त्याच्या घरात कुणाला शुगर आहे, कुणाची बायपास झाली आहे, कोण गुडघेदुखीची गोळी रोज घेतं, हे तुम्हाला न विचारता माहीत असतं. ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटं पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांकडे एवढी माहिती नसते.

या गोळ्यांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आलं. त्याआधी अल्सर (जठरात किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी पडलेला व्रण) म्हणजे पुष्कळदा पोट उघडायचं, जठराचा काही भाग काढायचा, नाहीतर आम्लाला चालना देणारी नस कापायची. माझ्या वयाच्या लोकांना असा टाक्यांचा व्रण पोटावर वागवणारे एखादे काका किंवा आजोबा नक्की आठवतील. आज तशी ऑपरेशनं क्वचित करावी लागतात. रक्त वाहत असलेल्या अल्सरचा पेशंट स्ट्रेचरवरून येतो, दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवला जातो, शिरेतून हेच औषध दिलं जातं आणि काही दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एवढं गुणी औषध आहे, म्हणून ते वाटेल तसं घेतलेलं पाहवत नाही.

ते काम कसं करतं हे तुम्ही शिकलेले आहात. पण काउंटरवर ते चार वाक्यांत सांगता येतं आणि सांगितलं की माणसं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. जठराच्या अस्तरात काही पेशी असतात, त्यांच्यात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. औषध रक्तातून तिथे पोचतं, चालू असलेल्या पंपाला चिकटतं आणि त्याला कायमचं बंद पाडतं. शरीर नवे पंप तयार करतं तोवर आम्ल कमी राहतं. म्हणून औषध रक्तातून काही तासांत निघून गेलं तरी परिणाम दिवसभर टिकतो. मात्र जो पंप त्या वेळी चालू नाही त्याला ते धरत नाही आणि पंप मोठ्या संख्येनं चालू होतात ते खाण्यामुळे. त्यासाठीच ही गोळी नाश्त्याच्या किंवा जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. पोटभर जेवून, जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. पूर्ण परिणाम यायलाही तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे ‘काल रात्री जड जेवण झालं, एक गोळी द्या’ म्हणणाऱ्याला ही गोळी देऊन फार काही साधत नाही. त्याला पातळ अँटासिडचे दोन चमचे अधिक लवकर आराम देतील.

वेळेच्या बाबतीत ‘सकाळी एक’ एवढं सांगून भागत नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा फाउंड्रीतला कामगार सकाळी घरी येतो, गोळी घेतो आणि झोपतो. त्याचं पहिलं जेवण दुपारी दोनला. त्याला ‘उठल्यावर घ्या, मग अर्ध्या तासानं जेवा’ असं सांगायला हवं. इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या माणसाचंही तेच. ज्याला रात्री आडवं झाल्यावर घशाशी येतं, त्याला डॉक्टर कधी रात्रीच्या जेवणाआधी घ्यायला सांगतात. दुसरं, घरातल्या वयस्कर माणसाला गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून पाण्यातून देतात. या गोळीवरचा लेप तिला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असतो. कुटली की औषध आतड्यात पोचायच्या आत नासतं. गिळायला अडचण असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरा प्रकार देता येतो, पण मुळात गिळायला अडचण होते आहे हीच गोष्ट तपासायला हवी. त्याकडे पुढे येते.

आता तांबड्या रश्श्याबद्दल. अल्सर झाला की घरातले सगळे रश्शावर, मिसळीवर आणि कांदा-लसूण चटणीवर खापर फोडतात. तिखटानं ज्याला आधीच जळजळ होते त्याची जळजळ वाढते, हे खरं. पण तिखटानं अल्सर होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला. त्या वेळी कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक अल्सरमागे एकतर हा जिवाणू असतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या. तंबाखूमुळे व्रण भरायला वेळ लागतो. नुसता रस्सा बंद करून आणि आम्लाची गोळी चालू ठेवून माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, पण जिवाणू तिथेच राहतो आणि व्रण पुन्हा उघडतो.

या जिवाणूवरच्या उपचारात तुमचा वाटा फार मोठा आहे. आम्लाची गोळी आणि दोन किंवा तीन इतर औषधं, दिवसातून अनेक वेळा, साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोट शांत झालं की माणूस सोडून देतो. काहीजण सुरुवातीलाच म्हणतात, ‘सध्या चार दिवसांच्या द्या, बरं वाटलं तर बाकीच्या नेतो.’ कृपा करून हा कोर्स तोडून देऊ नका. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकनं जिवाणू मरत नाही, तो औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना फोन करून स्वस्त पर्याय विचारा, जनऔषधी केंद्रात बघायला सांगा. पण दिवस कमी करू नका.

आणखी एक गोष्ट तपासणीच्या खोलीत फार खटकायची. जिवाणूची चाचणी श्वासाची असो, शौचाची असो की दुर्बिणीतून तुकडा घेऊन केलेली असो, तिच्याआधी आम्लाची गोळी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट ‘नाही’ असा येऊ शकतो. चाचणीची तारीख घेतलेला पेशंट जळजळ होते म्हणून तुमच्याकडे येतो, स्ट्रिप घेतो, तपासणी करून घेतो आणि खोट्या रिपोर्टवर निर्धास्त राहतो. ‘पोटाची कुठली तपासणी ठरली आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारला तर हे टळतं. ज्याला अल्सरमधून रक्त गेलेलं आहे त्यानं मात्र स्वतःहून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांनाच विचारायचं, हेही त्याच वेळी सांगा.

दुखण्याच्या गोळ्यांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण रक्ताची उलटी होऊन आलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात, पर्समध्ये किंवा नातेवाइकांच्या पिशवीत याच गोळ्या निघायच्या. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाहीतर नाव नसलेल्या सुट्ट्या पुड्या. ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरलेला माणूस, भांगलणीला जाणारी बाई, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला शिक्षक. या गोळ्या जठराच्या अस्तराचं रक्षण करणारे घटक कमी करतात. दुखणं दबलेलं असतं म्हणून पोट आतून सोललं जातंय याचा पत्ताही लागत नाही. कित्येकांना आधी पोटदुखी होतच नाही, पहिली खूण म्हणजे थेट काळी संडास. वय ६५ च्या पुढे, पूर्वी अल्सर झालेला, सोबत रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची गोळी, यांतलं एक जरी असलं तरी धोका कितीतरी वाढतो.

इथे आम्लाची गोळी खरोखर संरक्षण करते. ज्याला दुखण्याची गोळी घेणं भागच आहे आणि धोका जास्त आहे त्याला डॉक्टर ती बरोबर देतात, आणि दुखण्याची गोळी चालू असेतोवर ती चालू ठेवायची असते. पण ‘पोटाची गोळी घेतलीय, आता दुखण्याची कितीही चालते’ हा समज अत्यंत घातक आहे. मूत्रपिंडाला आणि हृदयाला दुखण्याच्या गोळीनं जो त्रास होतो तो ही गोळी अजिबात थांबवत नाही. आणि दुखण्याची गोळी बंद झाली की पोटाची गोळीही बंद व्हायला हवी. पंधरा दिवसांच्या कंबरदुखीसाठी सुरू झालेली पोटाची गोळी चार वर्षांनी चालूच असते, हे मी पाहिलेलं आहे. कंबर कधीच बरी झालेली असते.

मग लोक ती बंद का करत नाहीत? कारण बंद केली की जळजळ होते. हे तुम्ही रोज ऐकत असाल. ‘एक दिवस चुकली तरी सहन होत नाही हो.’ त्यावरून पेशंटची खात्री पटते की आपला आजार मोठा आहे आणि गोळी जन्मभराची आहे. बऱ्याचदा तसं नसतं. आम्ल बराच काळ दाबलं की शरीर आम्ल वाढवायचा संदेश देणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त बनवतं. गोळी अचानक थांबली की त्याच्या जोरावर काही दिवस आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटतं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० निरोगी माणसांवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाचा कसलाही त्रास नसलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिलं आणि मग थांबवलं. त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना नंतरच्या आठवड्यांत जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. ज्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिली होती त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी होतं. म्हणजे ज्या माणसाला जळजळ नव्हती त्यालाही गोळी सोडताना जळजळ होऊ शकते. हे एवढं जरी काउंटरवर सांगितलं तरी कितीजणांचा जीव भांड्यात पडेल.

म्हणून दीर्घकाळ घेणाऱ्याला ‘उद्यापासून बंद करा’ असं सांगू नका. डॉक्टरांकडे पाठवा. ते डोस निम्मा करतात, मग एक दिवसाआड देतात, मधल्या काळात त्रास झाला तर पातळ अँटासिड घ्यायला सांगतात. काहींची गोळी एकदमही बंद करता येते. पहिले दोन-चार आठवडे कळ काढावी लागते, आणि ती आधी सांगून ठेवली तर काढता येते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उचलणं, जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, डाव्या कुशीवर झोपणं, पोटाचा घेर कमी करणं, तंबाखू आणि मिसरी सोडणं, हे सगळं त्या काळात खरंच उपयोगी पडतं. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्या माणसाला कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. थंड दुधानं थोडा वेळ बरं वाटतं, पण दुधातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे नंतर आम्ल पुन्हा सुटतं, म्हणून ते औषध म्हणून तासातासाला पिऊ नये.

साधारण मुदती तुम्हाला माहीत आहेतच : घशाशी येण्याच्या त्रासाला चार ते आठ आठवडे, लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या अल्सरला चार, जठरातल्या अल्सरला आठ. त्यानंतर पेशंट पुन्हा डॉक्टरांना दाखवणं अपेक्षित असतं. दाखवत नाही, कारण गोळी सहज मिळत राहते.

वर्षानुवर्षं घेतल्यानं काय होतं, यावर लोकांच्या मोबाइलवर फार भीतिदायक मजकूर फिरतो. त्याबद्दल सावधपणे लिहिते. आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व नीट सुटं होत नाही. आपल्याकडे माळकरी, शाकाहारी माणसं पुष्कळ, त्यांचं बी-१२ आधीच काठावर. त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असलं की तेही बी-१२ कमी करतं. पायांना मुंग्या, जीभ सोललेली, सतत थकवा अशी तक्रार करणारी एखादी मावशी तुमच्याकडे या दोन्ही गोळ्या नियमित नेत असेल, तर तिला बी-१२ तपासून घ्यायला सांगा. बहुधा वर्षाहून जास्त घेणाऱ्या काहींचं मॅग्नेशियम घटतं, पायात गोळे येतात, क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्ये हाड मोडण्याच्या आणि २०११ मध्ये मॅग्नेशियमच्या धोक्याबद्दल इशारा दिला होता. मूत्रपिंडाला ॲलर्जीसारखी सूज येणं दुर्मीळ, पण खरं आहे. जुलाबाचे संसर्ग थोडे वाढतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. यांतल्या पुष्कळ गोष्टी अशा लोकांच्या नोंदींवरून निघाल्या आहेत, जे मुळातच वयस्कर आणि आजारी होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या सतरा हजारांहून जास्त पेशंटपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना निरुपद्रवी गोळी देऊन त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं लक्ष ठेवलं. आतड्याचे संसर्ग थोडे जास्त आढळले, बाकी भीती घातली जाते तसं काही ठळक दिसलं नाही. तेव्हा ज्याला गोळीची खरी गरज आहे त्यानं मोबाइलवरचा मजकूर वाचून ती सोडणं फार धोक्याचं आहे. अँजिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू असलेला म्हातारा माणूस, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलेला माणूस, अन्ननलिकेत मोठे व्रण किंवा तिच्या अस्तरात बदल झालेला माणूस, यांची गोळी दीर्घकाळ चालते आणि चालायलाच हवी. ‘किडनी जाते म्हणे, बंद केली’ असं कुणी म्हणालं तर त्याची फाइल मागून बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायला लावा.

क्लोपिडोग्रेलवरून आठवलं. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यकृतातलं एक एन्झाइम अडवतात, आणि क्लोपिडोग्रेलला काम करायला तेच लागतं. स्टेंट बसवलेल्या माणसाला पॅन्टोप्राझोल संपलं म्हणून बदली ओमेप्राझोल देणं, ‘एकच कंपोझिशन आहे’ असं म्हणणं, हे कृपा करून होऊ देऊ नका. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांचं शोषणही आम्ल घटलं की कमी होतं. अशा बाईचं थायरॉइड अचानक बिघडलं तर कारण तुमच्या बिलात सापडतं. आणि डोम्परिडोन हे मळमळ-उलटीवरचं औषध घातलेल्या जोड-कॅप्सूल. आपल्याकडे साध्या जळजळीलाही सर्रास हीच दिली जाते. डोम्परिडोननं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वय ६० च्या पुढे आणि हृदयविकारात जास्त. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि साधारण आठवड्यापेक्षा जास्त दिवस नको, असं ठरवलं. आपल्याकडे तेच औषध महिनोन्‌महिने चालतं. नुसती आम्लाची गोळी पुरेशी असताना जोड-कॅप्सूल का, हे डॉक्टरांना विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

रॅनिटिडिन हे आम्ल कमी करणारं जुनं औषध अजूनही नावानं मागणारे लोक असतील. त्यात एनडीएमए हा कर्करोगाशी संबंध असलेला घटक सापडल्यावर २०२० मध्ये अमेरिकेनं ते बाजारातून काढायला लावलं आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं गेलं. त्याच गटातलं फॅमोटिडिन आहे, डॉक्टरांशी बोलून ते देता येतं.

आता ज्यासाठी माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो ते लिहिते. छातीत जळजळतंय, गॅस वर चढलाय, अशी तक्रार घेऊन माणूस रात्री दुकान बंद करायच्या वेळी येतो. गोळी आणि सोड्याची पुडी घेऊन घरी जातो. आणि पहाटे कळतं की तो हार्ट अटॅक होता. असं झालेली घरं कोल्हापुरात शोधायला लांब जावं लागणार नाही. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, धाप, डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत कळ, जिना चढताना वाढणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं, यांतलं काहीही असेल तर गोळी देऊ नका. शुगर असलेल्यांना आणि बायकांना तर नुसती मळमळ आणि अशक्तपणाही असू शकतो. त्याला बसवा, घरच्यांना बोलवा, १०८ ला फोन करा. ईसीजी नीट निघाला तर त्या गोळीचे चार पैसे उद्या मिळतील.

तसंच गिळताना अन्न अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची किंवा गडद तपकिरी कण असलेली उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास, न थांबणाऱ्या उलट्या, पंडुरोग (अंगात रक्त कमी होणं), आणि चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली व राहत नसलेली जळजळ. यांतल्या कुणालाही पाकीट देऊन घरी पाठवू नका. लोहाच्या गोळीनंही संडास काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. आम्लाच्या गोळीनं जठराच्या कर्करोगाच्या व्रणाचं दुखणंसुद्धा काही काळ कमी होतं, आणि तेवढ्या महिन्यांत उपचाराची वेळ निघून जाते. पडद्यावर तसा व्रण दिसल्यावर खोलीत जी शांतता व्हायची, ती मला अजून आठवते. आणि मग नातेवाईक सांगायचे, ‘सहा महिने पित्ताच्या गोळ्या चालू होत्या.’

कायदा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ही औषधं शेड्यूल एचमधली आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ असंही सांगतो, की डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुन्हा देण्याबद्दल लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनं पेशंटला समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे. पण मी कायद्याचा धाक घालायला लिहीत नाही. शेजारच्या दुकानात न विचारता मिळतं म्हणून गिऱ्हाईक तिकडे जाईल, ही तुमची अडचण खरी आहे. ऑनलाइन सवलतीनं तुमचा धंदा आधीच ओढला जातोय हेही मला दिसतं. म्हणूनच एकट्यादुकट्या दुकानानं नव्हे, तुमच्या जिल्हा संघटनेनं हे मिळून ठरवावं अशी विनंती आहे. गंगावेशीतल्या दुकानात जो प्रश्न विचारला जातो तोच राजारामपुरीत, गडहिंग्लजमध्ये आणि जयसिंगपुरातही विचारला गेला, तर गिऱ्हाईक कुठे जाणार?

करायचं काय, ते फार नाही. पाकिटावर पेनानं दोन गोष्टी लिहा : ‘नाश्त्याआधी अर्धा तास’ आणि थांबवायची किंवा डॉक्टरांना पुन्हा दाखवायची तारीख. आज सुरू केली आणि चार आठवडे सांगितले असतील तर ती तारीखच लिहा, ‘चार आठवडे’ लिहू नका, कारण मोजत कुणी बसत नाही. चिठ्ठीवर मुदत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. तिसऱ्यांदा तेच पाकीट न्यायला आलेल्याला, ‘काका, डॉक्टरांना परत दाखवलं का?’ एवढं विचारा. काउंटरच्या काचेवर धोक्याच्या खुणांचा एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, मराठीत. तो मजकूर मी लिहून देईन, आणि आमच्यातले काही निवृत्त सहकारी डॉक्टर तो तपासून देतील. छापायचा खर्च आम्ही काहीजण मिळून उचलू.

तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत मला अर्धा तास द्या. तुमच्या अडचणी ऐकायला, आणि तुमच्या दुकानातल्या मदतनीस मुलांना या गोळीबद्दल सांगायला मी कुठल्याही तालुक्याला यायला तयार आहे. काउंटरवर बहुतेक वेळ तीच मुलं असतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर